रेकॉर्डला टाकलेली माणसं

२००९च्या जूनमध्ये मला रेकॉर्डला टाकलं.

कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बदली होते, बढती मिळते, नेमणूक दिली जाते. रेकॉर्डला मात्र ‘टाकतात’, माळ्यावर मोडकी खुर्ची टाकावी तसं. साहेबांशी वाजलेला, संघटनेत फार बोलणारा, संध्याकाळची दुपारीच सुरू करणारा आणि निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेला, एवढ्या चौघांसाठी आमच्या ऑफिसात ती जागा राखून ठेवलेली होती. मी पहिल्यातला. एका बिलावर ‘तपासले’ असा शेरा मारायला नाही म्हणालो आणि पुढच्या सोमवारी माझं टेबल जिन्याखालच्या खोलीत गेलं होतं. (ऑफिसचं नाव सांगत नाही. कोल्हापुरातलंच, एवढं पुरे.)

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “धुळीनं दमा उठेल. तोंडाला रुमाल बांधून बसत जावा.”

खोली रुमालांचीच निघाली. एक खिडकी, तीही अर्धी बोर्डानं झाकलेली. छतापर्यंत लोखंडी रॅक आणि त्यांवर विटकरी झालेल्या खारव्याच्या रुमालांत बांधलेली दप्तरं. डांबरगोळ्यांचा वास शर्टाला असा बसायचा की बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसे. तिथं एक दप्तरी होते. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. तेवीस वर्षं त्याच खोलीत काढलेले. मी पहिल्या दिवशी उत्साहानं एक रुमाल खाली ओढला, गाठ सोडली, हवं ते प्रकरण काढलं आणि परत बांधायला घेतला. मामा लांबूनच बघत होते. म्हणाले, “सायेब, गाठ सोडायच्या आदी ती कशी हुती बगितलासा काय?”

बघितली नव्हती. कोण बघतं?

त्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर पसरला, कोपरा आपल्याकडे करून. खाली एक पुठ्ठा, त्यावर कागद, वर दुसरा पुठ्ठा. समोरासमोरची दोन टोकं एकमेकांवर घट्ट ओढून दुमडली, मग उरलेल्या दोन टोकांची वर एक गाठ. तिच्यात दप्तराची चिठ्ठी अशी खोचली की नंबर बाहेर दिसावा. “ओढली की सुटाय पायजे,” ते म्हणाले, “पण वरच्या रॅकवरनं पडली तर सुटाय नगं.” मला ती गाठ जमायला तीन आठवडे लागले. पुढे दहा-अकरा वर्षं मी तिथंच राहिलो. शिक्षा संपल्यावरही वर जायला नको म्हणालो. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

रेकॉर्ड सांभाळणं म्हणजे सगळं जपून ठेवणं, अशी माझीही समजूत होती. मामांनी ती पहिल्या महिन्यातच मोडली. सरकारी कागदाची वर्गवारी असते. ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ वर्षभराचा. म्हणजे निम्मं काम टाकून द्यायचं काय, हे ठरवण्याचं. आणि ते ठरवतो कोण, तर ज्याला टेबलावरचा ढीग कमी करायचा असतो तो कारकून. वर्ग लिहायचा राहिला की सरळ ‘ड’ लिहून मोकळा. मी स्वतः बारनिशीत, म्हणजे आवक-जावकला असताना असं कितीदा केलं असेल, याचा हिशेब न मांडलेला बरा.

हा ढिगाचा त्रास जुना आहे. १८६० साली कलकत्त्यात सँडमन नावाचा एक सरकारी हिशेबतपासनीस होता. कचेऱ्या कागदांनी तुंबल्या आहेत, रोजच्या कामातले फालतू कागद नष्ट करा आणि मोलाचे तेवढे एका मोठ्या मध्यवर्ती दप्तरखान्यात नेऊन ठेवा, असं त्यानं सुचवलं. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा उगम शोधत गेलं की इथं पोचायला होतं. इतिहासाचं प्रेम वगैरे नंतरचं. पहिली गरज जागेची होती. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडेही रेकॉर्ड रूमची आठवण साहेबांना एकदाच व्हायची, नवीन कपाट ठेवायला जागा लागली की.

तो दप्तरखाना व्हायला पुढं तीस वर्षं गेली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक जॉर्ज फॉरेस्ट यांना १८८९ साली हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याचे कागद तपासायला बोलावलं आणि त्यातून ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट उभं राहिलं. फॉरेस्ट त्याचे पहिले प्रमुख. त्यांना का बोलावलं? तर मुंबईच्या सचिवालयात पडलेले मराठ्यांसंबंधीचे इंग्रजी कागद निवडून त्यांनी १८८५ सालीच छापले होते. कागदांच्या ढिगात हात घालायची सवय होती. राजधानी दिल्लीला गेली, मागोमाग दप्तरंही निघाली. ल्युटेन्सनं आराखडा केलेली त्यांची इमारत १९२६ साली पुरी झाली. आज जनपथावर ती लाल-पांढरी वास्तू दिसते ती हीच.

आता दुसरी गंमत. १९३९ साली या खात्याचे प्रमुख म्हणून आले डॉ. सुरेंद्रनाथ सेन. माणूस बंगाली, बारिसालकडचा. पण मराठी इतका नीट शिकलेला की १९२० साली सभासद बखरीचं इंग्रजी भाषांतर त्यानं केलं होतं आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर आणि लष्करावर दोन जाड ग्रंथ लिहिले होते. म्हणजे दिल्लीच्या त्या दप्तरखान्याचा पहिला इंग्रज प्रमुख मराठ्यांच्या कागदांतून आला आणि स्वतंत्र भारतात त्याचं राष्ट्रीय अभिलेखागार झालं तेव्हाचा पहिला संचालकही मराठ्यांच्याच कागदांतून. याचा अभिमान बाळगायचा की आपल्या माणसांनी ही वाट का धरली नाही याची चुटपुट, हे मला ठरवता आलेलं नाही.

सेन इतिहासकार म्हणून मोठे होतेच. पण आमच्यासारख्यांनी त्यांना हात जोडावेत ते वेगळ्या कारणासाठी. ते आले आणि लगेच, १९४० साली, त्या खात्यात कागदाची प्रयोगशाळा निघाली. कागद का पिवळा पडतो, कसर कुठल्या हवेत वाढते, खळीत काय घातलं की किडा लागत नाही, याचा अभ्यास. मग दप्तर सांभाळणाऱ्यांना रीतसर शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. १९४७ साली या विषयाचं स्वतःचं नियतकालिकही निघालं. हे काम शिकावं लागतं, त्याला परीक्षा असते, त्यात चूक-बरोबर असतं, अशी कल्पना या देशात त्या दहा वर्षांत मूळ धरून उभी राहिली. त्यापूर्वी दप्तर सांभाळणारा म्हणजे किल्ली सांभाळणारा.

आमच्या ऑफिसात ती कल्पना अजून पोचायची आहे.

*

पुण्याचं पेशवे दप्तर मराठी वाचकाला नावानं तरी ठाऊक असतं. तीस हजारांहून जास्त रुमाल, बहुतेक मोडी. १८१८ला पेशवाई गेली तेव्हा इंग्रजांनी हे कागद ताब्यात घेतले ते बाजीरावाच्या प्रेमापोटी नव्हे. वसूल किती येतो आणि इनाम कुणाचं खरं, कुणाचं थापेबाजीचं, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढं इनाम कमिशननं याच रुमालांवर बसून कित्येक घराण्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. असं दप्तर अभ्यासकाला खुलं कोण करणार? रावबहादूर गणेश चिमणाजी वाडांनी रोजकीर्दींतले, म्हणजे रोजच्या नोंदवह्यांतले उतारे काढले, त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी प्रस्तावना लिहिली, पण दार तसं किलकिलंच राहिलं. ते उघडलं गोविंद सखाराम सरदेसायांनी, तेही बडोद्याची नोकरी संपवून निवृत्त झाल्यावर. वयाच्या पासष्टीच्या आसपास हा माणूस मदतनिसांना घेऊन रुमाल सोडत बसला आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर काढले. पाठीशी इतिहासकार जदुनाथ सरकार होते. पुण्यातल्या काही विद्वानांना ही निवड आणि निवडणारे दोन्ही पसंत नव्हते, तो वाद त्या काळी चांगलाच पेटला होता.

मला त्या वादात पडायचं नाही. पण रेकॉर्डला बसल्यावर एक प्रश्न माझ्या मनात आला, तो विद्वानांच्या भांडणात फारसा दिसत नाही. ४५ खंड काढताना जे रुमाल सुटले, ते परत कुणी बांधले? सरदेसाई तर नव्हेत. कुणीतरी असेल, महिना पंधरा-वीस रुपयांवर, ज्यानं प्रत्येक कागद होता त्याच्या जागी घातला, चिठ्ठी खोचली आणि गाठ मारली. आज तिथं जाऊन कुणी रुमाल मागितला की नंबरावर मिळतो, तो त्याच्या जिवावर. प्रस्तावनेत त्याचं नाव सापडणार नाही. मामांचंही कुठं सापडायचं नाही.

आपल्या बाजूला बघायचं तर मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. कोल्हापुरातून तासाभराच्या गाडीवर. शाळेत संस्कृत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं उतरवून घ्यायची. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला आणि १९२४ला जाईपर्यंत सोडला नाही. बारा भाग. दुसरीकडं इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडत होते. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरात, कुणाच्या वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला निघालेले कागद. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८चा. योगायोग असा की त्याच वर्षी तिकडं हॉलंडात मुलर, फाइथ आणि फ्राउन या तिघा दप्तरदारांनी एक पुस्तक छापलं. दप्तर कसं लावावं याचे शंभर नियम. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा नियम सोप्या मराठीत सांगायचा तर असा: कागद ज्या कचेरीतून, ज्या घरातून, ज्या क्रमानं आले तो क्रम मोडू नका. विषयवार लावायचा मोह आवरा. तुम्हाला जे गबाळं दिसतं त्यात ते दप्तर वापरणाऱ्या माणसाच्या कामाची पद्धत असते.

जगभर अभिलेखपालाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मला ते कळलं तेव्हा सतरा वर्षं उशीर झालेला होता. ते सांगतो.

*

आम्ही करवीर तालुक्यातल्या एका गावचे कुलकर्णी. वतनदार. गावाची जमीन कुणाची, वसूल किती, बांध कुठला, पाण्याची पाळी कुणाची, हे सगळं ज्या कागदावर होतं तो कागद आमच्या घरात असायचा. १९१८ साली शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं खालसा केली आणि गावोगाव पगारी तलाठी नेमले. आमच्या घरात त्या गोष्टीचा राग दोन पिढ्या पुरला. आजोबा मरेपर्यंत तलाठ्याला ‘पगारी’ म्हणायचे, शिवी दिल्यासारखं. मी लहानपणी त्यांच्या बाजूनं होतो. आज नाही. एका गावाची सगळी जमीन एका घराच्या माळ्यावर असणं याचा अर्थ काय, हे रेकॉर्ड रूममध्ये बसल्यावर कळतं. नक्कल मागायला आलेला माणूस दारात उभा राहून हात जोडतो. तो कशाला जोडतो? त्याच्या स्वतःच्या बापाचं नाव दुसऱ्याच्या कपाटात असतं म्हणून. त्याचे हात खाली यायचे असतील तर कपाट सरकारी हवं आणि सरकारी कपाटाला कायदा हवा, एवढं साधं आहे. महाराजांना ते १९१८ मध्ये दिसलं होतं. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेखांचा केंद्राचा कायदा आला १९९३ला आणि राज्याचा २००५चा. केंद्राच्या कायद्यात तर बेकायदा कागद नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रद्दीवाल्याच्या हातगाडीकडं बघताना मला ते कलम नेहमी आठवतं.

तर, सरकारी दप्तर गेलं, पण घरगुती आणि काही अर्धंमुर्धं गावकीचं आमच्याकडं राहिलं. एक पत्र्याची ट्रंक, तिच्यात सात रुमाल. १९९४ साली आजोबा गेले. मी तिशीतला, नोकरीत कायम झालेला, स्वतःला फार नीटनेटका समजणारा. दिवाळीच्या सुट्टीत ट्रंक उघडली. मोडी येत नव्हतं. पण कागदाच्या तोंडवळ्यावरून ओळखू येतं म्हणालो. शिक्क्याचे एका बाजूला, पत्रांसारखे दिसणारे दुसरीकडं, आकडेवाले तिसरीकडं, कुंडल्या वेगळ्या. महाद्वार रोडवरून प्लास्टिकच्या फायली आणल्या. पंच मारले. होय, पंच मारले, दीडशे-दोनशे वर्षांच्या जुन्नरी कागदाला. रुमाल आईनं धुऊन फडताळ पुसायला घेतले. चिठ्ठ्या कचऱ्यात. एक सनदेसारखा दिसणारा, वर मोर्तब असलेला कागद होता, तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन पंधरा रुपयांत लॅमिनेट करून आणला आणि बैठकीत लावला. पाहुणे कौतुक करायचे.

२०११ साली, मामांच्या सांगण्यावरून नव्हे तर त्यांच्या टोमण्यांवरून, मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लोंबकळत न्यायची. शब्द कुठं तुटतो ते अर्थावरून समजून घ्यायचं. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘बि॥’ म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. आठ-नऊ महिन्यांनी घरच्या फायली काढून वाचायला बसलो आणि हळूहळू घाम फुटायला लागला. एका कुंडलीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘यासोबतचे महजरात यांचे वय लिहिले आहे ते खोटे’. महजर म्हणजे पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. कुठला महजर? तो शिक्क्याच्या फायलीत असणार. पण शिक्क्याच्या फायलीत तीन महजर, तिघांत चार-चार नावं. एका धान्याच्या पावतीवर ‘वरील पत्राप्रमाणे पावले’. वरील म्हणजे रुमालात तिच्यावर असलेलं पत्र. ते आता पत्रांच्या फायलीत, शंभरेक पत्रांत. कुणीतरी, बहुधा माझ्या खापरपणजोबांनी, एका भांडणाचे सगळे कागद एकत्र बांधले होते: कुंडली, पावती, सोयऱ्याचं पत्र, महजर. कुंडली तिथं का होती याचं उत्तर त्या गाठीत होतं. मी गाठ सोडली आणि आईनं त्या रुमालानं फडताळ पुसलं.

लॅमिनेट केलेला कागद घेऊन एका जाणत्या माणसाकडं गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, मग टेबलावर ठेवला आणि बोटानं माझ्याकडं सरकवला. “गेला हा,” म्हणाले. प्लास्टिक उष्णतेनं कागदाच्या अंगात उतरलेलं असतं. ओढून काढायला गेलं तर अक्षरं त्याच्याबरोबर येतात.

खरं लॅमिनेशन नंतर एका कार्यशाळेत बघायला मिळालं. ती पद्धत आपल्याच राष्ट्रीय अभिलेखागारातली, १९५०च्या दशकात ओमप्रकाश गोयल यांनी बसवलेली. त्या वेळी अमेरिकेत यासाठी बॅरोचं यंत्र होतं, तापवून दाबणारं. आपल्याकडं यंत्र नाही, बऱ्याच ठिकाणी वीज नाही. गोयलांनी काय केलं? काचेवर कागद, त्यावर सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पापुद्रा, त्यावर जाळीसारखा टिश्यू आणि मग अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मधून कडेकडे फिरवायचा. पापुद्रा विरघळून टिश्यूला आणि कागदाला धरतो. बस. कार्यशाळेतल्या मुलीनं ते माझ्यासमोर मिनिटभरात केलं. बोळा फिरवताना तिनं श्वास रोखलेला मला दिसला. पुन्हा अॅसिटोनमध्ये ठेवला की सगळं सुटून येतं, ती म्हणाली. आता तेही मागं पडत चाललंय, टिश्यू आणि खळच बरी, असं मानणारे वाढलेत. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद. पण ‘जे कराल ते परत सोडवता आलं पाहिजे’ हा त्यामागचा दंडक तसाच आहे. मामांच्या गाठीचाही तोच होता.

*

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला की दप्तराचं काय होतं, हा प्रश्न त्या दोन-तीन वर्षांत देशात शेकडो ठिकाणी पडला असेल. आपलं नशीब बरं. करवीरच्या दप्तराचा मोठा भाग आज पुराभिलेख खात्याच्या कोल्हापूरच्या अभिलेखागारात आहे. आणि शिवाजी विद्यापीठाला १९६२ साली पहिले कुलगुरू मिळाले तेच कागदाची नजर असलेले, डॉ. आप्पासाहेब पवार. कुलगुरूपदाच्या धबडग्यात त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड हाती घेतले. पुढं विलास संगवे आणि भि. दि. खणे यांनी राजर्षी शाहूंचे कागद खंडाखंडांनी छापले. २६ जुलै १९०२चा निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम आज कुणीही भाषणात सांगतो. करवीर सरकारच्या गॅझेटातला तो कागद कुणीतरी ‘ड’ मध्ये टाकला नाही म्हणून सांगतो.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली होती. आमच्या जिन्याखालच्या खोलीत कमरेएवढं पाणी. ते उतरल्यावर आत गेलो तर खालच्या दोन रॅकमधली दप्तरं फुगून अशी घट्ट बसलेली की ओढून निघेनात. लोखंड कापावं लागलं. भिजलेल्या कागदाला तिसऱ्या दिवसापासून बुरशी धरते, त्याआधी वाळवला तर वाचतो. मी घसा फोडून सांगत होतो की एका वेळी एक रुमाल सोडा, चिठ्ठी जवळ ठेवा. साहेबांनी वीस माणसं कामाला लावली, सगळी दप्तरं एकदम सोडली आणि हॉलभर, पंख्याखाली, कागद पसरले. वारा सुटला तसे ते उडून एकमेकांत गेले. संध्याकाळी सगळे गोळा करून नव्या पोत्यांत भरले. अहवालात ‘अभिलेख सुरक्षित’ असं लिहिलं गेलं. त्यातही एक पाहिलं. संस्थानकाळातल्या ज्या थोड्या वह्या होत्या त्यांची काजळाची काळी शाई जशीच्या तशी होती. चार वर्षांपूर्वीचे प्रिंटरवर काढलेले आदेश मात्र निळे-गुलाबी ढग झाले होते.

मी २०२०ला निवृत्त झालो. २०२३च्या शेवटी फोन यायला लागले. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकं, हक्कनोंदी उघडायच्या होत्या. मोडी वाचणारा माणूस एकदम सोन्याच्या भावाचा झाला. ज्या खोलीत मला टाकलं होतं तिथं आता तहसीलचा माणूस, पोलीस पाटील, दोन कॅमेरे आणि बाहेर रांग. मला मानधन देऊन, चहा देऊन खुर्चीवर बसवलं. साहेब नवे होते. म्हणाले, “तुमच्यासारखी माणसं तयार करायला हवी होती ओ.” मी चहा प्यायलो.

रांगेतला एक म्हातारा शाहूवाडीकडचा होता. त्याच्या आज्याची नोंद हवी होती. पोती चाळून, तीन दिवसांनी, वहीचं पान सापडलं. पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग बरोबर नावाच्या अलीकडं थांबलेला. मी वाचून दाखवलं. नाव, गाव, जात आणि शेवटी मरणाचं कारण, ‘ताप’. सर्टिफिकेटाचं त्यानं विचारलंच नाही. “ताप व्हय?” म्हणाला. “आमाला सांगायचे वाघानं नेलं.” आणि हसत बसला.

घरी येऊन त्या रात्री ट्रंक काढली. प्लास्टिकच्या फायलींमधून कागद सोडवले, क्रम मात्र हलवला नाही. आता जो आहे तोच खरा धरायचा. दुसरा हाती नाही. खारवा हल्ली मिळत नाही, मांजरपाट आणला होता, तो टेबलावर कोपरा आपल्याकडं करून पसरला. सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवली, निम्मी बाळबोधीत, निम्मी मोडीत, कारण मोडी अजून माझ्या हाताला लागलेलं नाही:

‘या दप्तराचा क्रम मूळचा नव्हे. मूळ क्रम १९९४च्या दिवाळीत मी मोडला. सात रुमाल होते. कुंडली क्रमांक ३ कोणत्यातरी महजरासोबत होती. धान्याच्या पावत्या पत्रांखाली होत्या. भोकं मी पाडली आहेत. एक सनद बैठकीत भिंतीवर आहे, ती काढू नये.’

खाली सही, तारीख. मग गाठ मारली. पहिल्यांदा फार घट्ट बसली, सोडून परत मारली.